तारे दोनच राहू द्या, फोटो मात्र काढा

नमस्कार ताई,

तुम्ही दोन तारे देऊन ऑनलाइन टाकलेला अभिप्राय पूर्ण वाचला. 15 वर्षांच्या मुलासाठी आमच्या धोबी तलावच्या दुकानातून एक्सरसाइज सायकल नेली, तीन महिने झाले तरी त्याचं वजन उतरलं नाही, उलट थोडं वाढलं, असं तुम्ही लिहिलंय. सायकल करकरते, मुलाचे गुडघे दुखतात आणि आता तिच्यावर कपडे वाळत घातले जातात. ट्रेडमिल मागितली तर आम्ही टाळाटाळ केली, वर उंची खुंटवणारे डंबेल्स गळ्यात मारायला बघितले, आणि सायकल परत घ्या म्हटल्यावर नाही म्हणालो. तक्रार एवढी आहे. घरात वाढत्या वयाची मुलं असलेले इतर आईवडीलही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परत घेण्याबद्दल: वापरलेलं मशीन पूर्ण पैशांत परत होत नाही, हे बिलावर छापलेलं आहे आणि बिल करताना सांगितलंही होतं. त्या बाबतीत आमचं म्हणणं बदलणार नाही. दुसरा मार्ग आहे, तो शेवटी सांगतो.

ट्रेडमिल आम्ही मुद्दाम दिली नाही. ती सायकलच्या जवळजवळ दुप्पट किमतीची होती, म्हणजे ती विकण्यातच आमचा फायदा होता. पण घरात चार वर्षांची धाकटी आहे, असं तुम्हीच सांगितलंत. चालत्या पट्ट्यात लहान मुलाचा हात गेला तर घर्षणाने कातडी सोलवटते, बोटं भाजतात. मोठं माणूस समोरच्या आकड्यांकडे बघत धावत असतं, पाठीमागे मूल आलेलं त्याला दिसत नाही. सेफ्टी की, म्हणजे ओढली गेली की मशीन बंद करणारी चावी, लावलेली असली तरी पट्टा थांबेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. शिवाय धावणारा मागे पडला तर भिंतीत अडकू नये म्हणून ट्रेडमिलच्या मागे साधारण 2 मीटर जागा मोकळी लागते. तुम्ही हॉलचं जे माप दिलंत त्यात दिवाण ठेवल्यावर तेवढी जागा उरत नव्हती. अशा घरात ट्रेडमिल द्यायची नाही, हा आमच्या दुकानाचा नियम आहे आणि पुढचं गिऱ्हाईक आलं तरी आम्ही तेच करू.

आता वजनाचं. तुमच्या अभिप्रायात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच, की सगळा हिशेब वजनकाट्यावर मांडलाय. चाळिशीतला माणूस सायकल घेतो तेव्हा काट्यावरचा आकडा बघणं एकवेळ ठीक आहे. तुमचा मुलगा वाढतोय. वयात येताना मुलांची उंची एका वर्षात 8 ते 10 सेंटीमीटरनेही वाढू शकते. पंधराव्या वर्षी हा वेग बऱ्याच मुलांत कमी होत आलेला असला, तरी वाढ चालूच असते. हाडं जाड होतात, स्नायू भरतात, त्या सगळ्याला वजन असतं. तीन महिन्यांत काटा किंचित वर गेला आणि त्याच काळात उंचीही वाढली, पँट कमरेला सैल झाली, तर ते अपयश कसं म्हणायचं? तुम्ही उंची मोजलीत का, हे अभिप्रायात कुठेच नाही. या वयात मोठ्यांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा, तक्ता लावायचाच नसतो. इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने 2015 मध्ये 5 ते 18 वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे तक्ते काढलेत, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे. बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात. एकदा त्यांना दाखवून मुलगा नेमका कुठे बसतो ते बघून घ्या. ते सांगतील त्यापुढे माझ्यासारख्या दुकानदाराच्या मताला किंमत नाही.

सायकलच्या पडद्यावर कॅलरी दिसतात, त्यांच्यावरही विसंबू नका. या मॉडेलला बसणाऱ्याचं वजन आणि वय ठाऊक नसतं, ते फक्त अंदाज दाखवतं. 60-65 किलोच्या मुलाने अर्धा तास बऱ्यापैकी जोर लावून पेडल मारलं तर साधारण 200 कॅलरी जातात. क्लास सुटल्यावर खाल्लेल्या एका वडापावात त्याहून जास्त असतात. म्हणून वडापाव बंद करा असं मी म्हणत नाहीये. नुसत्या सायकलने वजन उतरवायचं म्हटलं तर ते होणार नाही, आणि तसं आश्वासन आम्ही दिलं नव्हतं. सायकल दमसास वाढवते. तो किती वाढला ते बघायला काटा लागत नाही. पहिल्या आठवड्यात कितव्या मिनिटाला धाप लागायची आणि आता कितव्या मिनिटाला लागते? दादर स्टेशनचा पूल दप्तरासकट चढल्यावर थांबावं लागतं का? पेडल जड-हलकं करणारा टेन्शन नॉब कितव्या आकड्यावर असताना तो पेडल मारता मारता पूर्ण वाक्य बोलू शकतो? हे एका वहीत लिहा, आणि ते त्यानेच लिहावं.

डंबेल्सबद्दलची भीती मी रोज ऐकतो. नीट शिकून, कोणाच्या तरी देखरेखीखाली, झेपेल एवढ्या वजनाने व्यायाम केला तर मुलांची उंची खुंटत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने 2020 च्या अहवालात हे स्पष्ट केलंय. घातक असतं ते मित्रांसमोर जास्तीत जास्त वजन उचलून दाखवणं. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारसही बघा. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायाम त्यात असावा. सायकलवर माणूस बसलेला असतो, त्यामुळे हाडांवर शरीराचा भार फारसा येत नाही. म्हणूनच मी सायकलसोबत दोरीच्या उड्या आणि हलके डंबेल्स सुचवले होते. डंबेल्स नको असतील तर नका घेऊ. बैठका, जोर, सूर्यनमस्कार यांनी तेच काम होतं आणि त्याला दमडी लागत नाही. दोरी मात्र गच्चीवर किंवा बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतील. पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो, दहावीच्या वर्षात वेळ मिळत नाही, त्या दिवसांसाठी घरातली सायकल. बाकीचे दिवस त्याला शिवाजी पार्कात खेळू द्या. आणि झोप! या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटेचा क्लास असेल तर कुठल्याही मशीनचा उपयोग व्हायचा नाही.

गुडघ्यांचं कारण बहुधा सीट आहे. आमचा कारागीर करकर बघायला आला तेव्हा सीट सगळ्यात खालच्या भोकात होती. डिलिव्हरीच्या दिवशी ती मुलाच्या उंचीला लावलेली होती. घरात दोघं-तिघं वापरत असले की ती वरखाली होते आणि पुन्हा बदलायचं राहून जातं. पेडल अगदी खाली गेल्यावर गुडघा थोडासाच वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. त्याच्या उंचीच्या भोकावर मार्करने खूण करून ठेवा. करकर बहुधा पेडल किंवा क्रँक, म्हणजे पेडल जोडलेला दांडा, ढिला झाल्याची असते. घरी पाना मारणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर ते खराब होतील. घाम आणि मुंबईची दमट हवा लोखंडाला सोडत नाही, तेव्हा रोज कोरड्या फडक्याने पुसा. ओले कपडे तर तिच्यावर अजिबात नकोत.

आता माझी विनंती. अभिप्रायासोबत तुम्ही सायकलवर बसलेल्या मुलाचा फोटो टाकलाय, त्यात त्याचा चेहरा स्वच्छ दिसतोय आणि खाली त्याच्या पोटाबद्दल लिहिलंय. त्याच्या वर्गातली मुलंही हे बघू शकतात. ताई, तो फोटो आणि ते वाक्य आजच काढा. तारे दोनच ठेवा, हवं तर एक करा, मी काही म्हणणार नाही. तुम्ही दुकानात आलात त्या दिवशी आम्ही मोठी माणसं त्याच्या देखत, चार गिऱ्हाइकांसमोर, त्याच्या शरीराबद्दल बोलत होतो आणि तो बॅटींच्या रॅकपाशी पाठ करून उभा होता. नंतर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुला स्वतःला काय जमायला हवंय? त्याने उत्तर दिलं. काय ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. घरी निवांत विचारा, तुम्हाला नक्की सांगेल. त्यात किलोचा उल्लेख नव्हता. त्याला जे हवंय त्यासाठी सायकल नक्की उपयोगी आहे, म्हणूनच मी ती दिली.

कारागीर या आठवड्यात येऊन क्रँक घट्ट करेल आणि सीट लावून देईल. वॉरंटी चालू आहे, पैसे लागणार नाहीत. मुलगा घरी असेल अशी वेळ कळवा, कारण सीट त्याला बसवूनच लावायची आहे. त्यानंतर दिवाळीपर्यंत वापरून बघा. तरीही नकोच वाटली, आणि तसं त्याने स्वतः सांगितलं, तर जुन्या मालाच्या भावाने आम्ही ती घेऊ आणि टेम्पोचं भाडं आमच्याकडे. बिल जपून ठेवा.