काड्या फुल्ल, नेट गुल

संध्याकाळी सातला बेळगावच्या खडेबाजारात उभं राहा. काड्या फुल्ल, वर ५जी लिहिलेलं, आणि चहाचे वीस रुपये जायला चक्र गरगर फिरतंय! कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर: फोन बंद करून चालू करा. त्यानं काय टॉवर रुंद होतो?

काड्या सिग्नलचा जोर दाखवतात, गर्दी नाही. आणि ते ५जीचं चिन्ह! एनएसए (नॉन-स्टँडअलोन) पद्धतीत, म्हणजे ५जी स्वतःच्या पायावर उभं नसतं तेव्हा, त्याला ४जीचाच टेकू असतो. ‘इथं ५जी मिळू शकेल’ एवढं ४जीनं कळवलं तरी बरेच फोन चिन्ह लावून मोकळे. डेटा चालतोय ४जीवरच.

खरी मेख बँडात, म्हणजे कुठल्या रेडिओलहरी वापरतात त्यात आहे. ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झचा बँड लांब जातो, भिंतीतून शिरतो, थोड्या टॉवरांत नकाशा रंगवता येतो. पण पट्टा, म्हणजे डेटाचा रस्ता, अरुंद, ५ नाहीतर १० मेगाहर्ट्झचा. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास १०० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळतो, पण ७०० च्या मानानं पल्ला तोकडा, म्हणून टॉवर दाट लागतात. तिथंच कंपन्यांचा हात आखडतो. टॉवर उभा केलाच, तर त्याला नेटशी जोडायला मागं फायबर नाही, मायक्रोवेव्हची जुनी डिश. पुढं हायवे, मागं पाणंद!

खानापूरच्या जंगलात जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका. टॉवरजवळच्या फोनला एका सिम्बॉलमध्ये (लहरीच्या एका ठोक्यात) डेटाचे ८ बिट जातात, जंगलाच्या कडेच्या फोनला जेमतेम २. तोच व्हिडिओ पाठवायला चौपटीहून जास्त जागा खाल्ली जाते आणि सगळा गाव रखडतो. दोष त्या माणसाचा नाही, मधे टॉवर न घालणाऱ्यांचा आहे.

स्पेक्ट्रमही (हे लहरींचे पट्टे) सर्कलवार, म्हणजे टेलिकॉमच्या विभागांप्रमाणे विकतात. कोगनोळी नाक्याच्या अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. कंपनी तीच, पट्ट्याची रुंदी वेगळी असू शकते. सीमावादात आता मेगाहर्ट्झपण आलेत म्हणायचे.

तक्रार करताना आकडे तोंडावर फेका. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* दाबलं की फोनची माहिती उघडते. आरएसआरपी (सिग्नलचा जोर) उणे ९० च्या आसपास असून आरएसआरक्यू (सिग्नलचा दर्जा) उणे १५ च्या खाली असेल, तर टॉवर जवळ आहे, पण गर्दी किंवा शेजारच्या टॉवरचा गोंधळ आहे. आरएसआरपीच उणे ११५ असेल तर टॉवरच लांब. स्क्रीनशॉट काढा, वेळ लिहा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. आणि परत ‘बंद करून चालू करा’ म्हणाले, तर आरएसआरक्यू म्हणजे काय ते त्यांनाच विचारा की!