आनंदबनला का गेले: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नेपाळमधल्या आनंदबनच्या कुष्ठरोग रुग्णालयात घालवलेल्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. बाकीच्यांसाठी तिचा मथितार्थ इथे देते. मिशनच्या दवाखान्यात फुकट राबणं म्हणजे धर्मांतराला हातभार. सेवाच करायची तर वरोऱ्याचं आनंदवन आहे, वर्ध्याचं दत्तपूर आहे, नेपाळ कशाला? आणि सहा आठवड्यांत कुणाचं काय भलं होतं, ही नुसती हौस. पुढच्या वर्षीही जाणार का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. वाचून राग आला होता, म्हणून आठवडाभर काहीच लिहिलं नाही.

सहा आठवड्यांचा मुद्दा आधी घेते, कारण तोच सगळ्यात जास्त लागला. दोन-चार आठवडे यायचं, रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचे आणि निघून जायचं, असे लोक मीही पाहिलेत. एका शनिवारी बाहेरून असाच एक पाहुण्यांचा गट आला होता. त्यांनी न विचारताच एका बाईच्या पायाच्या जखमेचा फोटो काढायला मोबाइल काढला. वॉर्डातल्या सिस्टरने तो तिथल्या तिथे बंद करायला लावला. तेव्हा तुमची शंका खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

पण माझं काम काय होतं ते सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुष्ठरोगात कोपराजवळची नस मारली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आकसतं. मनगटाजवळची नसही गेली तर चारही बोटं नखं रोवल्यासारखी वाकून बसतात. अशा हातात भाताचा घास टिकत नाही, बोटांच्या फटींतून गळून जातो. यावर शस्त्रक्रिया आहे. मधलं बोट वाकवणारी दोन टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या असतात; त्यांपैकी एक सोडवून घेतात, त्याच्या चार पट्ट्या करतात आणि चार बोटांना जोडतात. मग तीन आठवडे प्लास्टर. ते निघालं की जवळपास चार आठवडे रोज व्यायाम, कारण जोडलेलं टेंडन आपलं जुनंच काम करू पाहतं. त्याला नवं काम शिकवावं लागतं.

धनुषा जिल्ह्यातले एक शेतकरी होते, मैथिली बोलणारे, पन्नाशीचे. मी पोचले त्याच आठवड्यात त्यांचं प्लास्टर निघालं. रोज सकाळी मी समोर बसायचे आणि सांगायचे, "भैया, बस बीच की उंगली मोड़ने का सोचिए." मधलं बोट वाकवायचा नुसता विचार केला की चारही बोटं सरळ राहून मुळापाशी वाकायला हवीत. पहिले चार दिवस काहीच हललं नाही. पाचव्या दिवशी तर्जनी हलली, अगदी ज्वारीच्या दाण्याएवढी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बोटाकडेच पाहत राहिले. चौथ्या आठवड्यात त्यांनी ताटातला डाळ-भात कालवला आणि घास तोंडापर्यंत नेला. खाली काही सांडलं नाही. एका हाताचा व्यायाम पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत करून घ्यायला सहा आठवडे पुरतात. माझ्याकडे असे सात हात होते.

आता धर्मांतर. आनंदबन चालवणारी लेप्रसी मिशन ही ख्रिस्ती संस्था आहे, हे मी मूळ लेखातही लपवलं नव्हतं. वेलेस्ली बेली हा आयरिश माणूस अंबाल्याला मिशनच्या कामावर असताना त्याने कुष्ठरुग्णांची दशा पाहिली, आणि १८७४ मध्ये डब्लिनला या कामाची सुरुवात झाली. नेपाळमध्ये ही संस्था १९५७ पासून आहे. तिथले लोक हे काम येशूवरच्या श्रद्धेपोटी करतात आणि तसं उघड सांगतात. नेपाळात सुट्टी शनिवारी, म्हणून चर्चही शनिवारी भरतं. मादल हे ढोलकीसारखं वाद्य वाजवत भजनं म्हणतात, आणि त्या गाण्यांना शब्दही 'भजन' हाच. मला रेव्हरंड टिळकांची भजनं आठवली, अजूनही आपल्या मराठी चर्चमध्ये गातात ती. मी दोनदा जाऊन बसले. प्रार्थना कर असं मला कुणी म्हटलं नाही.

त्या शेतकऱ्याच्या उशाखाली हनुमान चालिसा होती. रोज संध्याकाळी ते ती मोठ्याने म्हणत. शेजारच्या खाटेवरचे ख्रिस्ती आजोबा तेवढा वेळ आपला रेडिओ बारीक करत.

तरी एक गोष्ट मान्य करते. जो माणूस तुमच्या मलमपट्टीवर अवलंबून आहे, त्याला "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असं कितीही प्रेमाने विचारलं तरी 'नको' म्हणणं सोपं नसतं. हे मी तिथल्या सहकाऱ्यांशी बोलले, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. शिवाय नेपाळच्या राज्यघटनेने धर्मांतर करवण्याला मनाई केली आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा नसता तरीही ही काळजी घ्यायला हवी, असं माझं मत आहे. पण ती काळजी घेणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून मी काम केलंय. त्यांच्या श्रद्धेवरून त्यांना चोर ठरवणं माझ्याच्याने होणार नाही.

आणि इथे का नाही? मी अमरावतीची. इथलं कुष्ठरुग्णांसाठीचं तपोवन माझ्या शाळेच्या वाटेवर नव्हतं, पण ते उभारणाऱ्या दाजीसाहेब पटवर्धनांचं नाव घरात रोजचं. दर गुरुवारी मी इथल्या रुग्णांचे हात-पाय तपासते, अकरा वर्षं झाली. आनंदवनचे बाबा आमटे आणि दत्तपूरचे मनोहरजी दिवाण ख्रिस्ती नव्हते, हे तुम्ही अगदी बरोबर लिहिलंय. पण कुष्ठरोगाने वाकलेले हात सरळ करणाऱ्या अशा शस्त्रक्रिया ज्यांनी रुजवल्या, ते डॉ. पॉल ब्रँड मिशनरी आई-बापांचे पुत्र होते आणि ते काम त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात केलं. या कामात एकमेकांकडून घेतल्याशिवाय कुणाचंच भागलेलं नाही. मीही तिथे शिकायलाच गेले होते. भाडं माझं, बडनेऱ्याहून गोरखपूर, मग सीमेवरचं सुनौली, पुढे बस.

एक विनंती. तुम्ही 'महारोगी' लिहिलंत. माझ्या आजीच्याही तोंडी तोच शब्द होता, संस्थांच्या नावांतही तो आहे, म्हणून दोष देत नाही. पण औषधं सुरू झाली की या माणसाकडून रोग पसरत नाही, आणि ठरलेला कोर्स पुरा केला की तो बरा होतो. तरीही २०१९ पर्यंत आपल्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. शब्द बदलायला हवा.

परवा त्या शेतकऱ्याचा फोन आला. धानाची रोपं चिमटीत धरता येतात म्हणाले, यंदा रोवणीला उतरलेत. मग हळूच सांगितलं की चहाचा स्टीलचा ग्लास गमछा न गुंडाळता धरला आणि तळहातावर फोड आलाय. कळलंच नाही त्यांना. बोटं वळतात, पण गेलेली जाणीव परत येत नाही. हे आम्ही रोज सांगत होतो, तरी झालंच. फोड फोडू नका, चिखलात हात घालू नका, उद्याच आरोग्य चौकीत दाखवा असं सांगितलं आणि आनंदबनच्या सिस्टरलाही कळवलं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, पुढच्या मे महिन्यातही जाणार आहे.