मागच्या बाजूने टाकलेला नांगर: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

मुंबई बंदरात आणि मांडवा ते किहीमच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी स्वतःच्या मोटरबोटी नेणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला मोबाइलवरून फिरत आहे. त्याचा मथितार्थ असा: नांगराचा दोर पुढच्या टोकाऐवजी मागच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधण्याच्या खुंटीला, बांधावा; त्यामुळे बोट झुलत नाही, कुणाला पुढच्या डेकवर जावे लागत नाही, दोर कमी लागतो, परदेशात सर्रास असेच करतात, आणि अडकलेला नांगरही मागून बांधून इंजिनाच्या जोराने सुटतो. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, परंतु लहान बोटीत बसलेल्या माणसांच्या जिवाशी त्याचा थेट संबंध असल्याने त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

बोट कमी झुलते, हा पहिला दावा खरा आहे. बहुतेक मोटरबोटींचा पुढचा भाग उंच असतो आणि वारा तिथे अधिक धरला जातो, तर पाण्याखालची पकड मागे, इंजिनापाशी असते. म्हणून पुढून बांधलेली बोट वाऱ्यात डावी-उजवीकडे फिरत राहते आणि मागून बांधलेली त्या मानाने सरळ राहते. मात्र या स्थैर्यासाठी आपण बोटीची सर्वांत दुबळी बाजू लाटांसमोर करतो, हे त्या सल्ल्यात कुठेही सांगितलेले नाही. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, निमुळती आणि उंच असते ती लाट फोडण्यासाठी व तिच्यावर चढण्यासाठी. ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची आडवी भिंत, सपाट असतो, इंजिन बसवण्यासाठी तो बहुधा कापून आणखी खाली आणलेला असतो, आणि इंजिन, बॅटरी, इंधनाची टाकी व बसलेली माणसे यांचे वजनही तिथेच असते. त्यात लाटेच्या प्रत्येक उसळीबरोबर ताणलेला दोर तीच बाजू खाली ओढतो, म्हणजे जी बाजू वर उचलली जायला हवी तिलाच आपण समुद्राच्या तळाशी बांधून ठेवलेले असते.

आत आलेले पाणी किती जड असते याचा अंदाज सहसा येत नाही. मागची बसण्याची जागा 2 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरली, तर तिथे साचलेल्या 10 सेंटिमीटर पाण्याचे वजन सुमारे 300 किलो होते. चार-पाच प्रौढ माणसे एकदम मागच्या कडेला येऊन उभी राहावीत तेवढे. शिवाय हे पाणी एका जागी थांबत नाही. बोट ज्या बाजूला कलते त्या बाजूला ते धावते आणि तिला आणखी कलवते. पहिल्या लाटेने ट्रान्सम खाली गेलेला असतो, त्यामुळे दुसरी लाट अधिक सहज आत येते, आणि बादलीने पाणी काढायला वेळ उरत नाही.

बंदरातले पाणी शांत असते, मग एवढी भीती कशाला, असे यावर म्हटले जाते. गेटवेसमोर किंवा घारापुरीच्या वाटेवर वाऱ्याची लाट नसली तरी लाँच, कॅटमरान आणि रो-रो बोटीच्या लाटा येतच असतात, आणि त्या पूर्वसूचना देत नाहीत. किहीम-सासवण्यासमोर तर धोका आणखी स्पष्ट आहे. बोटी नेण्याच्या मोसमात सकाळी वारा मंद किंवा जमिनीवरून असतो आणि पाणी सपाट दिसते. दुपारनंतर तोच वारा पश्चिम-वायव्येकडून, समुद्रावरून येऊ लागतो. पुढून नांगरलेली बोट तेव्हा आपोआप समुद्राकडे तोंड करते. मागून नांगरलेली बोट समुद्राकडे पाठ करते, आणि तीही नेमक्या अशा वेळी, जेव्हा माणसे जेवण करून मागच्या बाजूला निवांत बसलेली असतात किंवा पोहायला उतरलेली असतात.

दोर कमी लागतो, या दाव्याला काहीच आधार नाही. नांगर रुततो तो आडव्या ओढीने. दोर उभा झाला की तो उचकटतो. म्हणून पाण्याची खोली अधिक पाण्यापासून क्लीटपर्यंतची उंची, या बेरजेच्या पाच ते सातपट दोर सोडावा लागतो, आणि बोट कोणत्या टोकाने बांधली यामुळे हा हिशेब बदलत नाही. मुंबईत तो भरतीच्या पाण्यावर करावा लागतो, कारण उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांहून अधिक जातो. ओहोटीला 3 मीटर पाणी आणि 1 मीटर उंची धरून सातपट, म्हणजे 28 मीटर दोर सोडला, तर सहा तासांनी पाणी 4 मीटर चढल्यावर तोच दोर जेमतेम साडेतीनपट उरतो. मागून बांधलेल्या बोटीत यातून दुसरा त्रास उद्भवतो: भरती-ओहोटीचा प्रवाह उलटताना सैल झालेला दोर थेट इंजिनाच्या पंख्यापाशी येतो, आणि घाईत इंजिन सुरू केले की त्यातच गुंडाळला जातो.

पुढच्या डेकवर जाणे धोक्याचे असते, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. विशेषतः अरुंद कडेच्या बोटीत आणि एकट्याने बोट चालवताना. परंतु त्यासाठी दोर मागे बांधण्याची गरज नाही. धक्क्यावरून निघण्यापूर्वीच दोराचे टोक पुढच्या क्लीटला पक्के करावे, दोर रेलिंगच्या बाहेरून मागे आणावा आणि नांगर बसण्याच्या जागेजवळ ठेवावा. इच्छित ठिकाणी इंजिन न्यूट्रल करून नांगर बाजूने हळूच सोडला, आणि दोर पंख्यापासून दूर धरून पुरता सोडला, की ओढ नाळेवर येते व बोट स्वतःच वळते.

परदेशातल्या उदाहरणांबद्दल थोडक्यात सांगता येईल. भूमध्य समुद्रात बोटी धक्क्याला पाठ लावून उभ्या राहतात हे खरे, पण तिथे नांगर पुढून टाकलेला असतो आणि मागून धक्क्याला दोर बांधलेले असतात. शिवाय त्या समुद्राच्या बहुतेक भागात भरती-ओहोटीचा फरक फारच थोडा असतो. मागचा नांगर वापरतात तो पुढच्याच्या जोडीला, अरुंद खाडीत बोट वळू नये म्हणून. आपल्या खाड्यांत तसे करतानाही प्रवाहावर नजर हवी, कारण दोन्ही टोकांनी बांधलेल्या बोटीवर प्रवाह आडवा आला तर दोन्ही दोरांवरचा ताण कितीतरी वाढतो.

शेवटचा दावा सर्वांत घातक आहे. 2009 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात 21 फुटी बोटीतल्या चौघांनी अडकलेला नांगर सोडवण्यासाठी दोर मागे बांधून इंजिनाला जोर दिला. बोट उलटली आणि तिघे गेले. नांगर अडकला तर दोर नाळेवरच ठेवून, बोट सावकाश नांगराच्या वर आणि मग त्याच्या पलीकडे न्यावी, म्हणजे तो उलट दिशेने ओढला जाऊन बहुधा सुटतो. खडकाळ तळावर जायचे असेल तर नांगराच्या फाळांकडच्या टोकाला, म्हणजे मुख्य दोराच्या विरुद्ध बाजूला, आधीच एक बारीक दोर आणि तरंगता डबा बांधून ठेवावा. तरीही नांगर निघाला नाही, तर दोर पुढूनच कापावा. त्यासाठी धारदार सुरी हाताशी असलीच पाहिजे.