पोट्टं घरीच बसवा, राजेहो

हे बघा राजेहो, पोरगं नीट वाढवायचं असेल तर सगळ्यात आधी त्याला हलू द्यायचं नाही. एकदा का ते खाली उतरलं की सुटलंच समजा, मग गुडघे फुटतात, युनिफॉर्म मातीत लोळतो, वरून बाजूच्या काकूंची कंप्लेंट येते की बॉल कुंडीत आला, इतका ताप कोणी सांगितला, त्यापेक्षा हातात मोबाईल द्या, कूलरसमोर बसवा, पोट्टं चूप.

आपल्या नागपुरात तर कारण शोधायची पण मेहनत नाही. मार्चपासून ऊन, मे महिन्यात पारा 45 वर आणि मग नवतपा. कोणी शहाण्यानं विचारलंच की सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला ऊन कुठं असते, तर सांगा की सहाला त्याची झोप असते आणि सातला ट्युशन. पावसाळ्यात चिखल आणि डेंग्यू. हिवाळ्यात थंडी, म्हणजे अधिवेशनाला आलेले आमदार ज्या कोवळ्या उन्हात मजेत फिरतात तेच ऊन आपल्या पोराला मात्र बाधते. स्वतः तुम्ही अंबाझरीला वॉकला जात जा, दोन चकरा मारून तर्री पोहे खा, घरी या आणि पोराला म्हणा, बाहेर जाऊ नको, सर्दी होईल.

ले-आउटमधलं ग्राउंड अजून मोकळं असेल तर तिकडे वेळीच लक्ष द्या. मोकळी जागा दिसली की पोरं धावतातच, त्याला इलाज म्हणजे आधी एक छोटंसं मंदिर, मग मंदिराला सभामंडप, मग सिनियर सिटिझनसाठी चारी बाजूंनी गट्टूचा ट्रॅक, मधे ग्रीन जिम, उरलेल्या तुकड्यात गाड्या. तरी जागा उरलीच तर लग्नासाठी लॉन म्हणून देता येते, मेंटेनन्सचा खर्च निघतो. शेवटी गेटवर बोर्ड, ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान लागतं असं लिहून ठेवलंय म्हणे, पण अॅडमिशन घेताना मैदान कोण बघते, आपण डिजिटल क्लासरूम बघतो आणि एसी बस बघतो.

आता ही जागतिक आरोग्य संघटना. ते म्हणतात 5 ते 17 वर्षांच्या पोरांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल इतकं हलावं आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडांवर-स्नायूंवर जोर पडेल असं काही करावं. घाबरू नका. 2016 च्या आकड्यांप्रमाणे जगातली 11 ते 17 वयाची 81 टक्के पोरं एवढं हलतच नाहीत, म्हणजे तुम्ही दणदणीत बहुमतात आहात. पूर्वीची पोरं डाबडुबली खेळताना झाडावरून धपाधप उड्या मारायची, पोरी बिल्लस खेळत एका पायावर दुपार काढायच्या, त्या दणक्यानंच हाडं भरतात म्हणतात आणि हा भरणा विशी-पंचविशीपर्यंतच जोरात चालतो. नंतरसाठी कॅल्शियमच्या गोळ्या आहेतच की.

चष्म्याचं पण तसंच. तैवानवाल्यांनी 2010 पासून प्राथमिक शाळेतली पोरं रोज 120 मिनिटं उजेडात बाहेर काढायचं ठरवलं आणि नजर कमजोर असलेल्या पोरांचं प्रमाण खाली यायला लागलं. कारण असं की उजेड भरपूर असला की डोळ्याच्या पडद्यात डोपामिन सुटतं आणि डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबत जायचा जरा थांबतो, आणि असा उजेड झाडाच्या सावलीत पण हजारो लक्स असतो, घरात ट्यूबलाइटखाली तीन-चारशे, फार तर पाचशे. पण मग दुकानात जाऊन सुपरहिरोची फ्रेम निवडायची मजा गेली ना! दुसरीत चष्मा लागला तर अभिमानानं सांगा, खूप अभ्यास करते हो.

खेळ अगदीच टाळता येत नसेल तर निदान त्यातून काहीतरी निघालं पाहिजे. दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, तेव्हा नववीत शोधायला लागा की कोणत्या खेळात गर्दी कमी आहे. आणि पोरगं उगाच पळायला मागत असेल तर आपल्या दिव्या देशमुखचं नाव पुढे करा, 2025 मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, नागपूरचीच, बसून बसून! पाच-पाच तास डोकं ताजं राहावं म्हणून मोठे बुद्धिबळपटू पण व्यायाम करतात, कार्लसन तर फुटबॉल खेळतो, हे पोराला कळू देऊ नका.

सगळ्यात धोक्याचं काय तर पोरं आपसात खेळतात आणि तिथं अंपायर नसतो. आउट होता की नव्हता यावर अर्धा तास भांडतात, छोट्याला कच्चा लिंबू ठेवायचं की नाही ते स्वतःच ठरवतात, ज्याची बॅट तो घरी जायला निघाला की त्याची मनधरणी करतात, आणि हे सगळं कोणा मोठ्या माणसाला न विचारता, म्हणजे उद्या ते आपल्याला पण विचारणार नाहीत. त्यापेक्षा भांडण झालं की लगेच मम्मी लोकांच्या ग्रुपवर टाका, तिथं मोठ्यांचं भांडण लागते आणि पोरं मोकळी होऊन परत मोबाईल बघतात.

वर्षभर एवढं जमवलं की उन्हाळ्यात समर कॅम्प आहे, जी धावपळ गल्लीत फुकट होत होती ती फी भरून, टोपी आणि सर्टिफिकेटसकट. आणि वाढदिवसाला मॉलमधल्या प्ले झोनमध्ये न्या, तासाच्या हिशोबानं उड्या मारू देतात, फोटो पण छान येतात. फक्त घरून ग्रिपवाले मोजे आठवणीनं घेऊन जा, नाहीतर काउंटरवर त्याचे वेगळे पैसे लावतात.