जहागीर, हिशेब आणि आर्केल घराणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मध्ययुगीन हॉलंडच्या सीमेवरच्या आर्केल या सरदार घराण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमचे काही मुद्दे खरे आहेत आणि ते मान्य करण्याआधी मला माझी टिपणं पुन्हा काढून बघायची होती. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात इथे देतो. तुम्ही लिहिलंय, ‘हॉलंडच्या काउंटच्या जहागीरदाराने खजिन्याचे पैसे खाल्ले, हिशेब मागितल्यावर तलवार उपसली आणि सगळं गमावून बसला. एवढ्या साध्या गोष्टीची तुम्ही शोकांतिका केलीत. त्यात घोडा उचलण्याची भाकडकथा इतिहास म्हणून सांगितलीत.’

घोड्याचं आधी सांगतो, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. आर्केलचा बलवान यान वेशीखालून जाताना वरची तुळई हातांनी धरायचा आणि मांड्यांत पकडलेल्या घोड्यासकट स्वतःला वर उचलायचा, ही दंतकथाच आहे. मी ती घराण्याच्या उदयाच्या ओघात सांगितली आणि ‘असं म्हणतात’ एवढंही लिहिलं नाही. तो परिच्छेद आता हलवलाय आणि दंतकथा म्हणूनच ठेवलाय. काढून मात्र टाकलेला नाही. हॉलंडमध्ये एक जुनं वचन आहे: ब्रेडेरोडे सर्वांत खानदानी, वासेनार सर्वांत जुने, एग्मोंड सर्वांत श्रीमंत आणि आर्केल सर्वांत धाडसी. लोकांच्या मनात आर्केलची ही जी प्रतिमा आहे, ती त्या घोड्याच्या गोष्टीतून कळते, म्हणून ती हवी.

‘जहागीरदार’ हा शब्दही माझाच. मी तो सोयीसाठी वापरला आणि त्यामुळेच तुमचा गैरसमज झाला. आपल्याकडे जहागीर म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात नेमून दिलेलं उत्पन्न. चाकरी संपली, मर्जी गेली की ती काढून घेता येते. वतन वेगळं. ते पिढीजात असतं, आणि त्यासाठी माणसं जीव द्यायला तयार होतात. आर्केलच्या धन्यांचं त्यांच्या मुलखाशी जे नातं होतं ते जहागिरीपेक्षा वतनाच्या जवळचं, आणि त्याहूनही जास्त स्वतंत्र. काही जमिनी त्यांच्याकडे हॉलंडच्या काउंटकडून होत्या, काही शेजारच्या दुसऱ्या सत्ताधीशांकडून, आणि मूळ मुलूख ते आपल्या स्वतःच्या मालकीचा समजत. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर आरोप केलाय तो यान पाचवा हॉलंडचा खजिनदार होता तो नोकरीने, आणि आर्केलचा धनी होता तो जन्माने. हे दोन धागे मी लेखात वेगळे केले नाहीत. ते वेगळे केल्याशिवाय 1401 साली त्याने काउंटविरुद्ध तलवार का उपसली ते कळतच नाही.

नकाशा उघडून आर्केलांचं मुख्य गाव गोरिंखेम शोधा. लिहिताना गोरिंखेम, पण तिथली माणसं ‘गोर्कम’ असंच म्हणतात. लिंगे नावाची छोटी नदी इथे मेर्वेडे या मोठ्या नदीला मिळते. समोरच्या अंगाला, जरा वर, त्या काळी वाल आणि मास या नद्यांचा संगम होता. जर्मनीतून ऱ्हाइनच्या पाण्याने डॉर्ड्रेख्तकडे आणि समुद्राकडे जाणारा माल इथून जायचा. उत्तरेला उत्रेख्तच्या बिशपचा मुलूख, पूर्वेला गेल्डर्स, दक्षिणेला ब्राबांट, पश्चिमेला हॉलंड. या चौघांच्या मधल्या बेचक्यात आर्केल बसलेलं. चौघं एकमेकांशी भांडत असेपर्यंत अशा जागेचं सोनं होतं, आणि आर्केलांनी ते जवळजवळ दोनशे वर्षं केलं.

या उदयाबद्दल मी फारच कमी लिहिलं होतं. तुम्ही ते विचारलेलं नाही, तरी लिहितो, कारण मला स्वतःला या घराण्याची ओढ लागली ती इथूनच. 1284 साली आर्केल, तेर लेडे, हागेस्टाइन, एव्हरडिंगेन आणि व्हियानेन अशा पाच जागांच्या धन्यांनी एकत्र येऊन करार केला. पूर्वेकडून येणारं पुराचं पाणी अडवायला सगळ्यांनी मिळून बांध घालायचा, हा तो करार. त्या बांधाला डीफडाइक म्हणतात आणि तो आजही आहे. त्या मुलखाला ‘पाच धन्यांचा देश’ असं नाव पडलं, आणि 2019 पासून तिथल्या नव्या नगरपालिकेचं नावही तेच आहे. मुलीकडे राहायला गेलो होतो तेव्हा एका दुपारी मी त्या बांधावरून चाललो. दोन्ही बाजूंना गवत, खाली सपाट शेतं. सरळ चाललेली वाट एका ठिकाणी अचानक वळसा घेते. पुढे गेल्यावर कळतं की आतल्या अंगाला गोल, काळ्या पाण्याचा खोल डोह आहे. बांध फुटला की पाणी इतक्या जोरात आत घुसतं की जमीन खरवडून असा डोह तयार होतो. तो बुजवता येत नाही, म्हणून नवा बांध त्याला वळसा घालून बांधतात. माझ्या मनात आर्केल म्हटलं की किल्ला येत नाही, तो वळसा येतो. तलवारबाज म्हणून ज्यांची ख्याती, त्यांची पहिली मोठी कमाई शेजाऱ्यांशी बसून पाण्याचा बंदोबस्त करण्याची होती.

त्याच घरातला यान नावाचा मुलगा 1342 मध्ये उत्रेख्तचा बिशप झाला. बिशपच्या गादीवर कर्जाचा डोंगर होता, किल्ले आणि महाल गहाण पडलेले. या माणसाने दरबारचा खर्च कापला आणि गहाण मालमत्ता एकेक करून सोडवली. 1364 मध्ये तो लिएजचा बिशप झाला आणि 1378 मध्ये वारला. तुमच्या आरोपातला यान पाचवा हा या बिशपच्या भावाचा नातू. हिशेबाची रीत त्या घराला परकी नव्हती. यान पाचव्याचे वडील ओटो यांनी 1382 मध्ये गोरिंखेमला शहराचे हक्क देणारी मोठी सनद दिली, आणि हागेस्टाइनलाही शहर केलं. हागेस्टाइन आज खेडं आहे.

आता हिशेबाकडे येतो. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

यान पाचव्याकडे हिशेब मागितला आणि त्याने तो दिला नाही, हे खरंच. पण ‘पैसे खाल्ले’ हा निष्कर्ष तुम्ही आजच्या ट्रेझरीवरून काढताय, जिथे पैसा सरकारचा आणि अधिकारी पगारी. त्या काळी काउंटचा कारभारी वसुली करायचा, पण खर्च आधी यायचा. फ्रिसलंडच्या स्वाऱ्या, सैन्य, जहाजं, सावकारांचं व्याज. वसुली कमी पडली की कारभाऱ्याने पदरचे घालायचे किंवा स्वतःच्या नावावर कर्ज उचलायचं, आणि मग हिशेबाच्या दिवशी ते वळतं करून घ्यायचं. त्यामुळे हिशेबाचा दिवस हा दोन्ही बाजूंच्या देण्याघेण्याचा असायचा. कोण कोणाला देणं लागतो हे मंडळासमोर ठरायचं, आणि मंडळावर कोण बसलंय यावर बरंच अवलंबून असायचं.

आणि मंडळावर कोण होतं? हॉलंडमध्ये 1350 पासून दोन तट होते, ‘गळ’ आणि ‘कॉड’. मासा आणि मासा पकडायचा गळ. आर्केल घराणं कॉड तटातलं. 1392 मध्ये काउंट आल्ब्रेख्तची प्रेयसी आलेइड फान पुलखेस्ट हिचा हेगमध्ये खून झाला. संशय गळवाल्यांवर आला, आणि काउंटचा स्वतःचा थोरला मुलगा विलेम त्यांच्या बाजूचा म्हणून बापाच्या मनातून उतरला. कॉडवाल्यांचे आणि त्यांच्याबरोबर यानचे दिवस पालटले ते तेव्हा. पण बाप-लेकाचं पुढे जुळलं. विलेम परत आला, त्याच्याबरोबर त्याची माणसं आली. यानकडे हिशेबाचा तगादा लागला तो या पार्श्वभूमीवर. हेगला जाऊन चोपड्या उघडणं म्हणजे ज्यांना आपण दरबारातून बाहेर ठेवलं होतं त्यांच्याच हाती मान देणं. त्याने 1401 मध्ये थेट काउंटविरुद्ध युद्ध पुकारलं. हे मी शहाणपणाचं म्हणत नाही. मूळ लेखातही म्हटलेलं नाही. पण ‘चोर पकडला गेला म्हणून ओरडला’ एवढंच त्यात नाही.

तुमचंच म्हणणं खरं मानून एक प्रश्न विचारतो. भांडण पैशाचं असतं तर ते पैशावर मिटलं असतं. 1402 मध्ये काउंटच्या सैन्याने गोरिंखेमला वेढा घातला, तो तडजोडीने उठला. तरी युद्ध अकरा वर्षं का चाललं?

त्याचं उत्तर यानच्या बायकोत आहे. ती योहाना, गेल्डर्सच्या ड्यूकची बहीण. 1402 मध्ये ड्यूक विलेम निपुत्रिक वारला आणि त्याचा भाऊ राइनाल्ड गादीवर आला. त्यालाही मूल नव्हतं. म्हणजे यान आणि योहाना यांचा मुलगा, आर्केलचा विलेम, हा गेल्डर्सचा वारस ठरण्याची शक्यता वर्षागणिक वाढत चालली होती. हेगमधून याकडे कसं बघितलं जात असेल याचा विचार करा. आज जो नदीच्या तोंडावरचा एक हट्टी शेजारी आहे, तो उद्या मोठ्या शत्रुराज्याचा ड्यूक होणार, आणि गोरिंखेम म्हणजे त्याचा हॉलंडमध्ये रुतलेला पाय. थकबाकी फेडून हे भय मिटणारं नव्हतं. मूळ लेखात ही गोष्ट मी एका वाक्यात उरकली होती. खरं तर लेखाचा कणा तीच असायला हवी होती, आणि त्याबद्दल तुम्ही मला बोल लावला असतात तर मी निमूट ऐकून घेतलं असतं.

पुढचं वेगाने घडत गेलं. 1404 च्या शेवटी आल्ब्रेख्त वारला, विलेम काउंट झाला. त्याने उत्रेख्तच्या बिशपला बरोबर घेतलं, आणि हागेस्टाइन आणि एव्हरस्टाइनचे किल्ले पडले. इतकी वर्षं एकमेकांशी झुंजणाऱ्या शेजाऱ्यांपैकी दोघं एक झाले, तिथेच आर्केलचं गणित संपलं. युद्धाने पिचलेल्या गोरिंखेमच्या लोकांनी बापाऐवजी मुलाला पुढे केलं आणि घरातच फूट पडली. यानने मग 1409 मध्ये मेहुण्याला, गेल्डर्सच्या ड्यूकला, आपला मुलूख देऊन टाकला, की निदान घरात तरी राहील. मेहुण्याने 1412 च्या तहात मोठी रक्कम घेऊन गोरिंखेम काउंटच्या हवाली केलं. बाहेरच्या शत्रूने जे अकरा वर्षांत घेतलं नाही ते सोयऱ्याने कागदावर दिलं. मी याला शोकांतिका म्हटलं ते या जागेसाठी. यान 1415 मध्ये पकडला गेला आणि दहा वर्षं कैदेत होता.

तो कैदेत असतानाच त्याचा मुलगा गेला. काउंट विलेम मे 1417 मध्ये वारला. मागे पंधरा वर्षांची मुलगी याकोबा. आर्केलच्या विलेमने संधी साधून गोरिंखेम घेतलं, पण गावातल्या किल्ल्यातली शिबंदी याकोबाच्या बाजूने तग धरून राहिली. 1 डिसेंबर 1417 रोजी याकोबाचं सैन्य किल्ल्यातून गावात उतरलं आणि गल्ल्यांमध्ये लढाई झाली. विलेम तिथे पडला. समोरच्या बाजूने वालराव्हेन फान ब्रेडेरोडे पडला. वर सांगितलेल्या वचनातला ‘सर्वांत खानदानी’ आणि ‘सर्वांत धाडसी’ घरचा, दोघंही एका दिवशी, एका गावात. बाप 1425 मध्ये सुटला आणि 1428 मध्ये वारला. तोवर थोरली पाती संपलेली होती. धाकट्या शाखा पुढे राहिल्या, पण त्यांच्याकडे गोरिंखेम नव्हतं.

‘सगळं गमावून बसला’ या तुमच्या शब्दांनाही माझी एक हरकत आहे. यानची मुलगी मारिया एग्मोंड घराण्यात दिलेली होती. राइनाल्ड 1423 मध्ये निपुत्रिक वारला तेव्हा गेल्डर्सची गादी मारियाच्या मुलाला, बारा-तेरा वर्षांच्या आर्नोल्डला मिळाली. कैदेतल्या आजोबाचा नातू ड्यूक झाला. ज्या वारशाच्या भीतीने आर्केल मोडून काढलं तो वारसा लेकीच्या बाजूने आलाच. आर्नोल्डची मुलगी मेरी 1449 मध्ये स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्सची राणी झाली, आणि तिच्या वंशातून पुढे स्कॉटलंड आणि मग इंग्लंडचे राजे आले. आजच्या ब्रिटिश राजघराण्याच्या वंशावळीत यान पाचवा सापडतो तो या मार्गाने.

गोरिंखेमच्या नगरचिन्हात आजही आर्केलचे दोन तांबडे पट्टे आहेत, रुपेरी जमिनीवर. नीट बघितलं तर पट्ट्याच्या कडा सरळ नाहीत, तटाच्या चर्यांसारख्या दात्यांच्या आहेत, आणि वरचा दात जिथे, तिथे खाली खाच. मी गावात त्याचा फोटो काढला होता. तो लेखात टाकायचा राहून गेला, आता टाकलाय.

मूळ लेखात ‘जहागीरदार’ होतं तिथे सगळीकडे ‘धनी’ केलंय, घोड्याची गोष्ट शेवटी नेलीय आणि गेल्डर्सच्या वारशावर नवा भाग घातलाय. हिशेबाबद्दलचं वाक्य होतं तसंच ठेवलंय. नवा भाग वाचून तुमचं मत बदलत नसेल तर जरूर लिहा. याकोबा आणि तिच्या काकाच्या भांडणावरचा पुढचा लेख अर्धा झालाय, त्यातही गोरिंखेम येणार आहे.