पावसाळ्यात तळघराच्या खिडक्या उघडाव्यात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तळघरातल्या बुरशीवरचा लेख वाचून आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. आपलं म्हणणं असं, की मी लोकांना उगाच खर्चात पाडतो आहे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, बुरशी ब्लीचने पुसावी, आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारावेत, की काम झालं. पेठेतल्या वाड्यांची तळघरंही कुठे कुबट असायची, असं आपण विचारता.

खिडक्यांचा सल्ला पुण्यात जो तो देतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तोच उलटा पडतो. समजा बाहेर २७ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता आहे. ही हवा खाली उतरून २५ अंशांच्या भिंतीला लागली, की तिथली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. भिंत २४ अंशांवर आली तर पाणीच सुटतं. बुरशीला मात्र पाण्याचे थेंब लागत नाहीत. भिंतीलगत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली तरी ती धरते. म्हणजे झड लागलेली असताना खिडकी उघडून आपण ओल घरात घेतो. त्या दिवसांत खिडक्या लावून घ्या, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून घेणारं यंत्र) किंवा एसी चालवा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं; त्यावरचा आकडा ६० च्या खाली राहिला पाहिजे. मार्च-एप्रिलच्या दुपारी मात्र सगळं खुशाल उघडा, तेव्हा पुण्याची हवा खरोखरच भिंती सुकवते.

रंगाचं म्हणाल तर पाणी बाहेरच्या मातीतून भिंतीत येतं आणि आतल्या रंगाला मागून रेटतं. आधी फुगे, मग पोपडे, सोबत पांढरे क्षार. ब्लीचने गिलाव्यावरचा काळा डाग फिका होतो, पण आत मुरलेली ओल तशीच राहते. आणि कळकळीने सांगतो, ब्लीचबरोबर बाथरूम साफ करायचं ॲसिड कधीही वापरू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तळघरासारख्या कोंडलेल्या जागेत तो जिवावर बेतू शकतो.

वाडे दगड-चुन्यातले होते. चुन्याच्या भिंतीत आलेली ओल बाहेरही पडत असे. त्याच भिंतींना पुढे सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट लागला, तिथे ती आत अडकते. आपली आठवण खरी असेल, पण सिमेंट काँक्रीटच्या रो-हाउसला तो दाखला लागू पडत नाही.

खर्चाची आपली काळजी मला पटते. म्हणूनच खोदकाम किंवा ठेकेदार हा शेवटचा उपाय. आधी फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा आणि दोन दिवसांनी पाहा. खोलीकडच्या बाजूला दमटपणा दिसला तर दोष हवेचा. भिंतीकडच्या बाजूला दिसला तर पाणी भिंतीतून येतंय. मग गच्चीवरचा पावसाळी पाइप जोत्याशीच सुटतो का, अंगणाचा उतार घराकडे आहे का, भिंतीला लागून बाग आहे का, हे बघा. यातलं बरंचसं गवंड्याच्या एका दिवसाच्या कामात सुटतं.

आपण ओघात लिहिलंय, की जिन्याखालचा कोपरा मे महिन्यातही ओला असतो आणि पाण्याची जमिनीखालची टाकी त्याच भिंतीपलीकडे आहे. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं. मे महिन्यात पुण्याच्या हवेत इतकी ओल नसते, त्यामुळे माझा पहिला संशय त्या टाकीवर आहे. रात्री टाकीत येणारं पाणी आणि पंप दोन्ही बंद करा, पातळीवर खडूने खूण करा, सकाळी पाहा. पातळी उतरली असेल तर टाकी रिकामी करून आतून दुरुस्त करून घ्या आणि तो कोपरा पूर्ण वाळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नका. पातळी तशीच राहिली, तर जिन्यावरच्या मजल्यावर बाथरूम किंवा नळाची लाइन कुठे आहे ते कळवा.