एका इंचासाठी

नंदूने चूक एवढीच केली, की कुठली गाडी घेऊ हे कट्ट्यावर विचारलं. शोरूमला विचारलं असतं तर फुकटचा चहा पिऊन तासाभरात सुटला असता. आमच्याकडे ते चार संध्याकाळ चाललं आणि शेवटी त्याच्याच घरच्या घाटीत जाऊन थांबलं.

कट्टा म्हणजे गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीला माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर रचून ठेवलेले चिरे. कुणाच्या तरी कंपाउंडचे उरलेले. न्यायला कुणी आलंच नाही, मग आम्ही बसायला लागलो. नियम एकच: आपल्या गाडीचं रडगाणं गाताना कंपनीचं नाव घ्यायचं नाही. दिनूचा भाचा चिपळूणला एका शोरूममध्ये आहे आणि इथलं बोलणं रात्रीच्या जेवणाआधी तिकडे पोचतं. छापील आकडे मात्र जगजाहीर, तेवढ्यापुरती नावं चालतात.

नंदूची मागणी साधी होती. "छोटी एसयूव्ही. स्वस्तातली. घरात पाच माणसं, सीझनला आंब्याच्या पेट्या, आणि आमची घाटी चढली पाहिजे."

"पहिली गोष्ट म्हणजे ती एसयूव्हीच नव्हे," मास्तर म्हणाले. निवृत्त झाले तरी पाढे घेतल्यासारखंच बोलतात. "ती हॅचबॅकच, म्हणजे साधी छोटी गाडी, उंच टाचेच्या चपला घातलेली. स्विफ्टची जमिनीपासून उंची १६३ मिलिमीटर, टाटा पंचची १८७. वजाबाकी कर. २४. पुरता इंचसुद्धा नाही. आणि तेवढ्यासाठी एसयूव्ही म्हणायचं?"

"निसानची मॅग्नाइट २०५ आहे," दिनू म्हणाला.

"बरं, मग पावणेदोन इंच म्हण. तुम्ही इंच विकत घेता रे, गाडी नाही घेत."

दिनू गप्प बसला. आकड्यांचा विषय त्याला सोसत नाही. गणपतीला दारात नवी गाडी हवी म्हणून त्याने २०२५ च्या ऑगस्टमध्ये डिलिव्हरी घेतली, आणि २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी २८ टक्के अधिक १ टक्का सेसवरून थेट १८ टक्क्यांवर आली. मास्तरांनी त्याच संध्याकाळी माझ्या दुकानातला मार्कर घेऊन चिऱ्यावर गणित मांडलं: आठ लाखांच्या गाडीमागे ६८ हजार. पावसाच्या दोन सरी गेल्या तरी आकडा तसाच आहे. दिनू हल्ली नेमका त्याच चिऱ्यावर बसतो.

भिकूशेठ बागेतून येतात, बोलणं तोडून बोलतात. "बोलेरो घे आणि गप ऱ्हा."

तसं बघितलं तर बोलेरोही या छोट्यांच्याच पंगतीतली. २०१६ साली दीड लिटरचं डिझेल इंजिन टाकून तिला ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवली, त्याच कराच्या हिशोबाने. पण खाली ट्रकसारखी वेगळी चासी, आणि ताकद मागच्या चाकांना. ओझं टाकाल तेवढी जमीन घट्ट धरते. भिकूशेठच्या बागेत दुसरं काही जातच नाही. नंदूने मान हलवली. "बायको चालवणार आहे, शेठ. आणि आयेचा गुडघा बघा. तिला आत चढवायलाच दोन माणसं लागतील." त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

इक्बालभाईंनी कुवेतला बावीस वर्षं काढली, तीही मोठ्या लँड क्रूझरवर. "फोर बाय फोर नाही तर एसयूव्ही कसली बाबा? वाळूत घाला बघू." खरंच आहे, बोलेरो सोडली तर नंदूच्या बजेटातल्या सगळ्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. पण गंमत अशी की भाईंनी स्वतः घेतली ती छोटी पेट्रोलच, वर ऑटोमॅटिक, आणि आता तिच्यावर नाराज. कुंभार्ली घाटात ऊस भरलेल्या ट्रकच्या मागे अडकले की गाडी म्हणे उचक्या देते. पक्या मेकॅनिकने त्यांना किती वेळा सांगितलंय, "भाई, हे स्वस्तातलं ऑटोमॅटिक म्हणजे आत तोच क्लच आणि तोच गिअरबॉक्स. पाय तुमचा नाही, मशीनचा, एवढाच फरक. चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर धरून ठेवलीत तर क्लच जळणारच. ब्रेक दाबा, पुढे जागा होऊ द्या, मग सोडा." भाई ऐकतात आणि परत तसंच करतात.

आता माझं. माझ्याकडे चार वर्षं छोटी पेट्रोल एसयूव्ही आहे, साधा गिअर, बावन्न हजार किलोमीटर झाले. त्याआधी हॅचबॅक होती. मास्तरांचा इंच मला कागदावर पटतो, वाटेवर पटत नाही. आमच्या वाडीतल्या वाटांना जांभ्यात चाकोऱ्या पडलेल्या असतात. ट्रॅक्टर त्या दरवर्षी थोड्या खोल करतो आणि मधला उंचवटा तसाच राहतो, वर गवत घेऊन. गवताखाली चिऱ्याचं टोक आहे की नुसती माती, हे गाडीच्या पोटाला लागल्यावरच कळतं. पालशेतच्या पुढे एका लग्नाला जाताना हॅचबॅकचं तसंच लागलं. मोठा आवाज झालाच नाही. नारळ आपटल्यासारखा एक ठोका, बस. मांडवात पोचलो, आणि मागे वळून बघतो तर धुरळ्यात काळी रेघ माझ्यामागे चालत आली होती. ऑइल पॅन फुटलेलं. आहेर देऊन टोचन करून परत.

"पण छापलेला आकडा सहसा रिकाम्या गाडीचा असतो," मास्तर म्हणाले. "पाच जण आणि पेट्या भरल्यावर गाडी बसते. तुझा इंच गेला की नाही?"

"हॅचबॅकचाही जातो ना मास्तर. तिचा गेला की खाली काही उरतच नाही."

धोपाव्याच्या जेट्टीवरही तेच. ओहोटीला फेरीबोटीची फळी उतरती लागते, तिथे हॅचबॅकचा बंपर हटकून घासायचा. आता घासत नाही. दाभोळला उतरताना मी अजून सवयीने श्वास रोखतो, ते वेगळं.

सीएनजीचा विषय लवकर संपला. टाटांनी ३०-३० लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवून जागा वाचवली, हे नंदूला आवडलं. पण गॅसवर इंजिन घाटात थोडं लंगडतं, आणि गणपतीत पंपावरची रांग बघून भिकूशेठ म्हणाले, तेवढ्या वेळात पेटी डोक्यावरून पोचवीन.

डिझेलचं काढलं, तेव्हा मात्र मास्तर बिचकले. कारण डिझेल त्यांचीच. एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-सिक्स नियम आला, आणि या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. अडकलेली काजळी जाळायला गाडी चांगली तापून सलग पळावी लागते. मास्तरांचं रोजचं पळणं म्हणजे घर ते शृंगारतळी आणि परत. जाळी तुंबते, समोर पिवळा दिवा लागतो, आणि मास्तर काहीही काम नसताना चिपळूणपर्यंत जाऊन येतात, तेही चौथ्या गिअरमध्ये इंजिन घुमवत. काकू म्हणतात, लोक कुत्र्याला फिरवून आणतात, आमचे हे गाडीला. हे काकूंनी भिकूशेठच्या बायकोला सांगितलं म्हणून आम्हाला कळलं, मास्तर बोलले नव्हते.

खरी भीती पक्याने घातली. "तुम्ही सगळे उंची मोजताय. उंदराला गाडी उंच काय, बुटकी काय?" हे मात्र मला लागलं. गेल्या पावसात आठ दिवस गाडी हलवली नव्हती. चालू केली तर समोर सगळे दिवे नवरात्रासारखे लागलेले. बॉनेट उघडलं, तर बॅटरीच्या बाजूला झावळीच्या काड्या आणि सीटखालच्या फोमचं सुबक घरटं, वर सुपारीची सोपटं, आणि वायरींचा गुच्छ दातांनी सोललेला. तेव्हापासून आत तंबाखूची पुरचुंडी टांगली आहे. उपयोग होतो की नाही कोण जाणे, पण बॉनेट उघडलं की पक्याला चिमूटभर मिळते.

खाऱ्या वाऱ्याचंही तसंच. समुद्रावरून आलात तर गाडी वरून नाही धुतली तरी चालेल, खालून गोड्या पाण्याने धुवा, हे पक्या प्रत्येकाला सांगतो. आणि दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या नकोत म्हणतो. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. सायलेंसर नीट तापला नाही तर ते आतच साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून चकचकीत, आणि एक दिवस गाडी भटजींसारखी खर्जात बोलायला लागते.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात पक्या चिपळूणला गॅरेजमध्ये होता. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर त्याने ज्या गाड्या उघडल्या, त्यांची तो दोनच भागांत वाटणी करतो: मालकाने चावी फिरवलेल्या आणि न फिरवलेल्या. न फिरवलेल्या बऱ्याचशा ऑइल बदलून, सुकवून चालू झाल्या. चावी फिरवली त्यांच्या सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी काही दाबलं जात नाही, मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे सहसा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. नंदूने एवढं एकच मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

चौथ्या संध्याकाळी भिकूशेठ कंटाळले. "चला घाटीत. काय ता एकदाचा बघू."

नंदूची घाटी म्हणजे डांबरीपासून खाली खळ्यापर्यंत काँक्रीटचे दोन पट्टे, मध्ये गवत, आणि अर्ध्यावर फणसाखाली कोपर. दिवाळी तोंडावर आली होती तरी फणसाच्या सावलीतलं शेवाळ सुकलं नव्हतं. माझी गाडी, मी चालवायला, भिकूशेठ पुढे, मागे मास्तर, इक्बालभाई आणि पक्या. नंदू आणि दिनू पायी. उतरलो आरामात. चढताना पहिल्या गिअरमध्ये कोपरापर्यंत आली आणि शेवाळावर पुढची चाकं जागच्या जागी गर्रकन फिरायला लागली. रबराचा वास आला. एसी बंद केला, पुन्हा दाबलं. गाडी वर जायची सोडून वीतभर मागे सरकली.

"इंच कुठाय?" मागून मास्तर.

"उंचीचा प्रश्नच नाही हा," पक्या म्हणाला. "ओढणारी चाकं पुढे, आणि चढावर सगळं वजन मागे पडलं. त्यात तुम्ही तिघं जाडजूड, मला धरून. उतरा सगळे."

सगळे उतरले. मीही उतरलो. पक्या गाडी हळूहळू मागे सोडत खळ्यात घेऊन गेला, तिथे वळवली, आणि मान पूर्ण मागे वळवून, एक हात शेजारच्या सीटवर टाकून, रिव्हर्समध्ये घाटी चढायला लागला. आता ओढणारी चाकं खालच्या अंगाला आली होती आणि वजन त्यांच्यावरच. फणसाखाली एकदा जराशी कचरली, बस. मग गोगलगायीसारखी, ढुंगण पुढे करून, सरळ डांबरीवर.

"आता पाच जण बसवून," भिकूशेठ म्हणाले. तेही केलं. गेली.

नंदूची आये पडवीच्या पायरीवर गुडघा चोळत बसून सगळं बघत होती. आम्ही पाणी प्यायला गेलो तेव्हा तिने मला विचारलं, "ही गाडी पाठमोरीच चालते काय रे?"

मास्तरांना हसू आवरेना. नंदू हसला नाही, तो घाटीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर आला तो उभ्यानेच म्हणाला, "दिनू, भाच्याला विचार. रिव्हर्स कॅमेरा कुठल्या मॉडेलपासून मिळतो?"